मी पुसलेल्या गाठी

तुमच्या ओळखपत्रावरचा चेहरा तुमचाच आहे का? एकदा ते कार्ड काढून आरशासमोर धरा आणि खरं सांगा.

माझा नव्हता. बारावीनंतर कॉलेजच्या अर्जासाठी मी सदर भागातल्या एका स्टुडिओत फोटो काढला. पाकीट उघडलं तर आत माझी ओढणी घेऊन दुसरीच कुणी मुलगी बसली होती. माझ्यापेक्षा दोन छटांनी उजळ. कांजण्यांनी माझ्या उजव्या गालावर ठेवलेला खड्डा तिच्या गालावर नव्हता. मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "हे करायले कोणं सांगितलं?"

तो खुशीत म्हणाला, "सांगा कायले लागते? फ्रीमध्ये करून देतो आपण. सगळ्याइले देतो."

"मले माह्याच रंगाचा पाहिजे."

"काहून वं बाई, लग्न नाही करायचं का पुढं?"

त्यानंतर मी त्याला जे ऐकवलं त्याची मला आजही लाज वाटत नाही. रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "बरोबर बोलून राहिली पोरगी." मग काउंटरवर वाकून तिने हळूच सांगितलं, "माह्यावाला मात्र करा थोडासा साफ."

मी अशी भांडखोर का झाले, त्याचं कारण सोपं आहे. माझे वडील विणकराच्या घरात जन्मले, पण मागावर बसले नाहीत. ते एका छापखान्यात बांधणीचं काम करत. तिथे पत्रकं छापली जात: कामगारांच्या संपाची, विणकरांच्या मोर्चाची, बुवाबाजीविरुद्धची, दारूच्या दुकानाविरुद्धची, वस्तीतल्या नळाची. तिरकी कापलेली, शाई फुटलेली पत्रकं वडील घरी आणत, कारण त्यांची मागची बाजू कोरी असे. त्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, आणि पाढ्यांचा कंटाळा आला की कागद उलटून पुढची बाजू वाचली. इतर मुलांना राक्षस आणि पऱ्या माहीत होत्या. मला 'आम्ही जाहीर सवाल करतो' माहीत होतं. सहावीत 'माझी सहल' या निबंधाचा शेवट मी 'हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा' असा केला होता. बाईंनी खाली लाल शाईत विचारलं होतं, 'कुठे?'

वडील फार बोलत नसत, पण पत्रकांबद्दल त्यांचा एक नियम होता. "जे त्या माणसाच्या दारात उभं राहून त्याच्या तोंडावर म्हणता येते," ते सांगत, "तेच छापावं. बाकी कागद खराब करणं आहे." त्या नियमाचा मला पुढे चांगलाच चटका बसला. ते सांगायलाच हे लिहिते आहे.

चांगल्या कॅमेऱ्याचा फोन मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मिळाला. मावसबहिणीचा जुना होता, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. त्यावर मी फोटो सुधारायचं एक फुकटातलं अ‍ॅप घेतलं. तेव्हा आमच्या वर्गातल्या सगळ्यांचे फोटो एकाच फिल्टरमधून निघत. धरमपेठेतली कॉफी असो की सक्करदऱ्याचा तलाव, सगळं एकाच गुलबट पाण्यात बुडवून काढल्यासारखं. दोन महिने मीही तेच केलं. एक दिवस गॅलरी वर-खाली सरकवत असताना मला माझे फोटो कोणते आणि मैत्रिणींनी पाठवलेले कोणते, तेच कळेना. राग आला. ज्या गोष्टीचा राग येतो तिच्या विरुद्ध टोकाला जाऊन उभं राहायचं, एवढंच मला येत होतं.

म्हणून मी पत्रकासारखे फोटो करू लागले. कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत. सावल्या काळ्या ठिक्कर. लाल सोडून बाकी रंग जवळजवळ मेलेले. भाजीवाली, रिक्षा, आमच्या जिन्यातली मांजर, सगळे जणू भिंतीवर चिकटवण्यासाठी तयार. मैत्रीण म्हणाली, "तुह्या फोटोत चहाही मोर्चा काढून राहिला." मला ती स्तुती वाटली.

त्या काळाला मी नावं ठेवणार नाही. अ‍ॅपमधली प्रत्येक खुंटी टोकापर्यंत पिळल्यामुळेच मला कळलं की ती काय करते. सावल्या उचलल्या की कोपऱ्यातली माणसं दिसू लागतात. रंगांची उष्णता वाढवली की भिंत छान दिसते, पण माणूस आजारी दिसतो. सॅच्युरेशन थोडं जरी चढलं तरी लाल रंग आधी बोंबलतो. आपल्याला आवडलेले आकडे जपून ठेवता येतात आणि पुढच्या फोटोला एका बोटाने लावता येतात, हेही तेव्हाच सापडलं. आपली म्हणून एक नजर असू शकते, तिला जपता येतं, आणि त्यासाठी महागडा कॅमेरा किंवा कोणाची परवानगी लागत नाही, हे एका तडा गेलेल्या फोनने मला शिकवलं. त्याचे मी आभार मानते.

एक नियम मात्र मी पहिल्या दिवसापासून पाळला. चेहऱ्याला हात लावायचा नाही. कोणालाही गोरं करायचं नाही, कोणाची सुरकुती, तीळ, व्रण काढायचा नाही. यावर मी एक लांबलचक पोस्टही लिहिली. तिच्यात 'चेहऱ्यावरचा हा बलात्कारी उजेड' असा शब्दप्रयोग होता, जो आज मी खोडला असता. पण ती पुष्कळ फिरली. वस्तीतले लोक माझ्याकडे फोटो काढायला येऊ लागले, आणि मला वाटू लागलं की फोटोतल्या खरेपणाबद्दल मला जे कळायचं ते कळलं आहे.

मग मोठ्या आईचं काम आलं.

आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला मोठी आई म्हणतात. ती आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्या समोरच्या खोलीत जमिनीत खड्डा आहे आणि खड्ड्यावर माग. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या, हाताने धोटा फेकायचा. मोठे बाबा, म्हणजे तिचा नवरा, होते तोवर दोघं आळीपाळीने बसत; ते गेल्यावर ती एकटीच बसू लागली. टसर रेशमाची लुगडी विणते, लाल काठाची. काठ आणि अंग जिथे मिळतात तिथे करवतीचे दाते असतात, म्हणजे लाल रंग टसरमध्ये आणि टसर लालमध्ये दात रोवून बसलेला. त्यासाठी तीन धोटे लागतात आणि दर ओळीला दोन रंगांचे धागे हातानेच एकमेकांत अडकवावे लागतात. दिवसभरात वीतभर कापड झालं तर ती खूश असते.

नोव्हेंबरात तिच्या मुलाने, माझ्या चुलत भावाने, मला फोन केला. दादा एका गोदामात सुपरवायझर आहे, सरळ माणूस.

"तुले सांगून ठेवतो," तो म्हणाला. "फेब्रुवारीत समोरच्या खोलीत टाइल्स बसवून राहिलो. खड्डा बुजवतो."

"अन् मोठी आई?"

"तिचे गुडघे पाह्यले का तू? मागच्या महिन्यात खड्ड्यातून निंगताना पडली. सांगितलं नाही कोणाले. अन् कोणासाठी विणून राहिली? वर्षभरात एक माणूस विचारायले आला नाही. पेटीत लुगडी रचून ठेवली आहेत."

"कोणी कायमचं घेणारं भेटलं तर?"

"भेटलं तर बुजवत नाही. शब्द देतो. पण फेब्रुवारीच्या आत. अन् फोकनाड नको, खरंखुरं गिऱ्हाईक पाहिजे."

मोठ्या आईला मी विचारलं तेव्हा ती धोट्यात सुताची कांडी भरत होती. "बुजवू दे ना," ती म्हणाली. मग कांडीकडेच बघत म्हणाली, "मी मंग दिवसभर काय करू, तेवढं त्याले विचार."

धरमपेठेत, शहराच्या महागड्या भागात, एका बाईंचं दुकान आहे, तिथे फक्त हातमागाचा माल मिळतो. मी चौकशी केली. बाई म्हणाल्या, आधी फोटो पाठवा. फोटो म्हणजे माझंच क्षेत्र. मोठ्या आईने पेटीतलं सगळ्यांत चांगलं लुगडं काढून दिलं. मी ते खिडकीजवळ पसरलं, चाळीस फोटो काढले आणि दोन दुपारी बसून त्यांतले सहा तयार केले.

पडद्यावर दोन बोटांनी कापड मोठं केलं की त्यात काय काय दिसतं. एका ठिकाणी धागा तुटून जोडल्याची गाठ होती. टसरचा धागा जाड-बारीक, त्यामुळे मधूनच एखादी जाड रेघ. करवतीचे दाते बरेचसे नीट, पण दोन-तीन किंचित बसके. आणि दोन्ही काठांच्या अगदी कडेला बारीक भोकांची रांग, टाचणी टोचल्यासारखी. अ‍ॅपमध्ये डाग पुसायचं एक साधन असतं. बोट ठेवलं की आजूबाजूचं कापड तिथे पसरतं आणि डाग जातो. मी गाठ पुसली. जाड रेघा पुसल्या. भोकं एकेक करून पुसली, शंभर तरी असतील. बसके दाते खपेनात, म्हणून एक देखणा दाता उचलून त्यांच्या जागी चिकटवला. मग माझे आकडे लावले. लाल काठ पेटून उठला.

मी खूश होते. मोठ्या आईचं काम जगाला त्याच्या योग्य रूपात दिसणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचं उत्तर आलं. फोटो छान आहेत, पण मी पॉवरलूमचा माल ठेवत नाही.

माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, आणि ते उत्तर नव्हतं, पत्रक होतं. विणकराच्या घामावर बसलेल्या व्यापारी वर्गाची आंधळी नजर, धरमपेठेच्या काचेआडून न दिसणारे हात, आम्ही जाहीर सवाल करतो, सगळं त्यात होतं. पाठवून टाकलं. आणि फोन घेऊन मोठ्या आईकडे गेले, तिच्या बाजूने मी कशी लढले ते दाखवायला.

तिने चष्मा लावला. फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"कोणाचं लुगडं आहे हे?"

"तुह्यंच ना वं."

"माह्यं नाही हे."

"अवं, पेटीतलं वरचं. परवा तूच तं काढून दिलं."

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, पेटी उघडली आणि तेच लुगडं माझ्या मांडीवर टाकलं. तिच्या बोटाने न बघता गाठ शोधली. "हे पाह्य. इथं धागा तुटला होता, मी जोडला. तुह्या फोटोत कुठी गेली?"

"पुसली."

"काहून?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"अन् हे भोकं? विणताना कापड ताणून धरतो ना आपण, खिळ्याच्या पट्टीनं? त्याचे आहेत हे. वितावितावर पट्टी पुढं सरकवा लागते. मशीनच्या कापडाले असे नाही राहत. हे बी पुसले?"

"हो."

ती रागावली नाही. रागावली असती तर मी काहीतरी बोलू शकले असते. तिने फोनमधलं लुगडं आणि मांडीवरचं लुगडं आळीपाळीने बघितलं आणि अगदी साध्या उत्सुकतेने विचारलं, "मंग माह्यं काय ठेवलं वं तू यात?"

विणकरांच्या घरातली मुलगी मी, विणकरांच्या मोर्चाची पत्रकं वाचून मोठी झालेली, आणि ती भोकं कशाची हे मला माहीत नव्हतं. ती मला डाग वाटली. दोन दुपारी बसून मी तिच्या हाताचा प्रत्येक पुरावा पुसून काढला होता, आणि मग ज्या बाईला ते बरोबर दिसलं तिलाच आंधळी म्हणाले होते. मला सदरमधला तो खुश माणूस आठवला. त्यानेही माझं वाईट चिंतलं नव्हतं. सांगा कायले लागते.

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा निरोप वाचायला मागितला. फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून पूर्ण वाचला, मध्येच एकदा हसलेसुद्धा.

"लिहिलं चांगलं आहे," ते म्हणाले. "तिच्या दारात उभं राहून म्हणता येते का तुले हे?"

"नाही."

"मंग दारात जा."

मोठी आई म्हणाली, मीही येते. तिला मी स्कूटीवर मागे बसवलं, तिच्या मांडीवर तीन लुगड्यांचं गाठोडं. आमच्या सक्करदऱ्याहून धरमपेठेपर्यंत ती सारखी सूचना देत होती. "हळू चालव वं. लुगडी पडली तं उचलता येतीन, मी पडली तं चार माणसं लागतीन."

दुकानातल्या बाई साठीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी फोन काढला. "'व्यापारी वर्गाची आंधळी नजर' म्हणजे मीच ना?"

"हो," मी म्हणाले. "माझं चुकलं. फोटो मी बदलला होता. तुमची नजर बरोबर होती."

मला आणखी बोलायचं होतं, पण मोठ्या आईला आमच्या बोलण्यात रस नव्हता. तिने गाठोडं सोडून लुगडं काउंटरवर उलट्या बाजूने पसरलं. बाईंनी चष्मा लावला. काठाच्या कडेवरून अंगठा फिरवला, भोकं लागली तिथे थांबल्या, मग दात्यांवरून हळूहळू पुढे सरकल्या. एका गाठीवर त्यांचं बोट टेकलं आणि त्यांनी मोठ्या आईकडे पाहिलं.

"हे तुमचं काम?"

"माह्यंच."

"तुमच्या पुतणीच्या फोटोत तिसरा, सातवा आणि अकरावा असे तिन्ही दाते अगदी एकसारखे होते. इतकं सारखं माणसाच्या हातून होत नाही. म्हणून मी नाही म्हणाले."

"एकसारखे?" मोठी आई म्हणाली. "माह्याच्यानं तं दोन बी एकसारखे होत नाहीत. सासू रोज बोलायची त्याच्यावरून."

बाई हसल्या. तिथून पुढे त्या दोघी बोलत राहिल्या आणि मला कोणी विचारलं नाही. टसर कुठून आणता, लाल कोण रंगवतं, गुडघे कसे आहेत. शेवटी बाईंनी अट सांगितली. त्यांची बहुतेक गिऱ्हाइकं लांबची, फोटो बघून घेणारी. पार्सल उघडल्यावर फोटोपेक्षा वेगळं काही निघालं की साडी परत येते. तेव्हा आधी ही तीन लुगडी. एकही परत आलं नाही, तर पुढे जे विणाल ते सगळं माझं.

"फोटो मी दुसऱ्या कोणाकडून काढून घेते," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

"तूच काढ," बाई म्हणाल्या. "पण ह्यांनी बघून हो म्हटल्याशिवाय मला पाठवायचा नाही."

डिसेंबरभर रोज सकाळी मी मोठ्या आईच्या दारात बसले. ट्यूबलाइट बंद. लुगडं उंबऱ्याच्या आत, ऊन येणार नाही पण उजेड येईल अशा जागी. फोटो काढायचा, अ‍ॅपमध्ये उघडायचा आणि फोन लुगड्याला टेकवून धरायचा. मग ती निकाल द्यायची.

"हे हळद झाली. हे मधासारखं आहे, हळदीसारखं नाही."

मी उष्णता कमी केली.

"आता राख झाली."

थोडी वाढवली.

"थांब. आता माह्याकडे नको पाहू, तिकडे पाह्य, त्या पांढऱ्या सुताकडे. पाह्यलं? आता इकडे पाह्य."

मी पाहिलं, आणि फोनमधला रंग चुकीचा आहे हे मला एकदम दिसलं. आधी दिसत नव्हतं. एका रंगाकडे टक लावून बसलं की डोळा त्याला सरावतो, हे तिला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. रंगाऱ्याकडून सूत आलं की ती आधी पांढऱ्या सुताकडे बघायची, मग त्याच्याकडे, आणि ओलं सूत कधीच पसंत करायची नाही, कारण वाळल्यावर रंग उतरतो. मी अ‍ॅपमध्ये दोन वर्षं घालवली होती आणि ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. त्या दिवसापासून पांढऱ्या सुताची एक कांडी मी प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ठेवू लागले. कांडी पांढरी दिसेपर्यंत रंग फिरवायचा, मग हात काढून घ्यायचा.

कॉन्ट्रास्ट मी खाली आणला, इतका खाली की माझ्यातली पत्रकवाली ओरडली असती. सॅच्युरेशनला जवळजवळ शिवलेच नाही. सावल्या फक्त गाठ दिसेल इतक्या उचलल्या. एक फोटो पूर्ण लुगड्याचा, एक उलट्या बाजूचा, एक कडेच्या भोकांचा. आणि एक गाठीचा, ज्यात तिचं बोट गाठीकडे दाखवतं आहे. तो फोटो तिने स्वतः मागितला. "नाहीतर लोक म्हणतीन लुगडं खराब आहे. मी दाखवली म्हणजे कळन की मले माहीत आहे."

असे आकडे जुळले तेव्हा मी ते जपून ठेवले आणि त्यांना नाव दिलं 'मोठी आई'. तिला सांगितलं. ती म्हणाली, "माह्या नावानं काय करून राहिली फोनात, पोलीस तं नाही येणार?"

तीन लुगडी जानेवारीच्या सुरुवातीला गेली. त्यानंतरचे तीन आठवडे मी फोनकडे ज्या भीतीने बघितलं तसं परीक्षेच्या निकालाकडेही कधी बघितलं नाही. त्या तीन पार्सलांपैकी एक जरी परत आलं असतं तरी खड्डा बुजणार होता, आणि बुजवणारी मीच असते. मोठी आई मात्र चौथं लुगडं विणत होती. विचारलं नाही तिने एकदाही.

महिनाअखेरीस बाईंचा निरोप आला. तिन्ही ठेवून घेतली. एकीने लिहिलंय, जशी दिसली तशीच आली, गाठसुद्धा सापडली. चौथं कधी होतंय?

मी पळत मोठ्या आईकडे गेले. दादा घरीच होता, आणि टाइल्सवाला मिस्त्री टेप घेऊन खोली मोजत होता. मी निरोप वाचून दाखवला. दादाने माझा फोन घेतला, फोटो एकेक करून सरकवले आणि बोटाच्या फोटोवर थांबला. दोन बोटांनी मोठा केला.

"आई," तो म्हणाला, "एवढं बारीक तुले दिसते अजून?"

"दिसत नाही. बोटाले कळते."

त्याने फोन परत दिला. मिस्त्रीला म्हणाला, "भाऊ, बाकीची खोली मोजा. खड्डा सोडून." मग खड्ड्याकडे बघत उभा राहिला. "अन् आत दोन पायऱ्या करून द्या, सिमेंटच्या. भिंतीले एक दांडी लावा, धरायले."

"दांडी कायले?" मोठी आई म्हणाली. "मी काय म्हातारी आहे?"

"नाही गा भाऊ, तुम्ही लावा," दादा मिस्त्रीला म्हणाला. जाताना मला म्हणाला, "तो बोटाचा फोटो पाठव मले."

आता तिचं सातवं लुगडं मागावर आहे. मी अजूनही भांडते, अजूनही लिहिते, आणि माझे फोटो आता लोक नाव न वाचता ओळखतात, असं मैत्रिणी सांगतात: सकाळचा सपाट उजेड, कमी रंग, कोपऱ्यात पांढरं काहीतरी. याला माझी शैली म्हणतात. मला माहीत आहे ती कोणाकडून आली. वडिलांनी मला दारात पाठवलं, दुकानातल्या बाईंनी माझा उद्धटपणा बाजूला ठेवून लुगड्याची कड बघितली, आणि मोठ्या आईने, जिचं काम मी पुसलं होतं, मलाच पुन्हा फोन घेऊन दारात बसू दिलं. माझ्या वयाच्या किती जणांना इतके चांगले शिक्षक मिळतात मला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती आजच पूर्ण करता येईल अशी आहे. तुमच्या घरात कोणीतरी हाताने केलेली एक वस्तू असेलच: विणलेली, शिवलेली, घडवलेली. ती सकाळच्या उजेडात दाराजवळ ठेवा, शेजारी काहीतरी पांढरं ठेवा, आणि फोटो काढा. त्यातलं काहीही पुसू नका. मग ती वस्तू करणाऱ्या माणसाला तो फोटो दाखवा, त्याच्या बोटाला पडद्यावर फिरू द्या, आणि तो जे दाखवेल ते ऐकून घ्या.